एकतीस पायऱ्यांच्या खाली

शनिवारी सकाळी दहा वाजता म्युअर काका बंदूक घेऊन येणार होते, आणि आज बुधवार होता.

"म्हणजे दोन दिवस आणि एक सकाळ," टामाटीने बोटं मोजून सांगितलं. "आजचा धरला तर तीन."

"आजचा धर," रिपेका म्हणाली. "आणि चीज कालवताना बोटं चाटू नकोस."

बहीणभाऊ स्वयंपाकघरात चीज रोल करत होते. पावाच्या कापांवर चीज फासायचं, गुंडाळायचं आणि कडा जरा करपेपर्यंत भाजायचं. पोउआला, म्हणजे त्यांच्या आजोबांना, करपलेलेच आवडायचे. दर रविवारी दोन रोल खिशात घालून ते आपल्या कुत्र्याला, मॉसला, घेऊन धबधब्यापर्यंत चालत जायचे, तिथल्या ओंडक्यावर बसायचे, एक रोल स्वतः खायचे आणि दुसऱ्यातला अर्धा मॉसला द्यायचे. उरलेला अर्धा कोणाचा, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. मार्चमध्ये पोउआ गेले. आता जुलै होता, म्हणजे या दक्षिण टोकाच्या देशात ऐन हिवाळा, सुट्टीचा दुसरा आठवडा, आणि त्यांचे गमबूट अजून मागच्या दाराशीच होते. आजी ते उचलू देत नव्हती, कारण मॉस त्यांच्याशेजारीच झोपायचा.

मॉस बारा वर्षांचा, म्हणजे रिपेकाच्याच वयाचा. काळा, छातीवर तपकिरी, भुंकून मेंढ्या हाकणाऱ्या जातीचा. एके काळी तो भुंकला की दरीच्या पलीकडचा कळप वळायचा. पोउआला पुरून आले त्या दिवसापासून तो एकदाही भुंकला नव्हता.

दार वाजलं. बाहेर एल्स्पेथ म्युअर उभी होती, टोपीवरून पाणी गळत होतं. ती रिपेकाच्या वर्गातली, पलीकडच्या शेतातली, आणि शनिवारी बंदूक घेऊन येणाऱ्या म्युअर काकांची एकुलती एक मुलगी.

"मी आले तर चालेल ना?" तिने विचारलं. "नको असेन तर जाते."

"ये ग," रिपेका म्हणाली. "बंदूक तुझ्या हातात थोडीच आहे?"

वाइहुना दरीतला रिवाजच तसा होता. आपला कुत्रा आपल्या हाताने मारायचा नाही, शेजाऱ्याला सांगायचं. शेजारी येतो, काम करतो आणि चहाला थांबत नाही. पुढे कधी त्याच्या कुत्र्याची वेळ आली की आपण जायचं. त्याबद्दल कोणी कोणाचे आभार मानत नाही, आणि कोणी कोणाचा राग धरत नाही. निदान मोठी माणसं धरत नाहीत.

मॉसवर ही वेळ आली ती कत्तलखान्याच्या पत्राने. म्युअर काकांच्या निम्म्या मेंढ्यांच्या मांसात वाटाण्याएवढ्या गाठी निघाल्या आणि ते सगळं मांस फेकून द्यावं लागलं. गाठी कशाने होतात हे दरीतल्या पाच वर्षांच्या पोरालाही पाठ असतं. मेलेल्या मेंढीचं कच्चं मांस कुत्र्याने खाल्लं की त्याच्या पोटात जंत होतात. तो कुरणात घाण करतो आणि ते गवत खाणाऱ्या मेंढ्यांच्या अंगात गाठी धरतात. म्हणून मेलेली मेंढी झाकणाच्या खोल खड्ड्यात टाकायची आणि कुत्र्याला महिन्याच्या महिन्याला जंताची गोळी द्यायची.

मॉसला गोळी पोउआ द्यायचे. ते गेल्यावर ती कोणी द्यायची हे ठरलंच नाही. रिपेकाच्या बाबांना वाटलं आजी देते, आजीला वाटलं बाबा देतात. त्यातच म्युअर काकांनी मॉसला दोनतीनदा पहाटे धबधब्याच्या वाटेवर, पोटापर्यंत चिखलाने माखलेला पाहिला होता. ती वाट त्यांच्या वरच्या कुरणाला लागूनच जाते.

"रात्री माझ्या रानात जाऊन काय चरतोय देव जाणे," ते बाबांना म्हणाले होते. "त्यात गोळी नाही. राग मानू नकोस रावीरी, पण तो म्हातारा झालाय. त्याचेही हालच आहेत."

बाबांनी मान खाली घातली होती. गोळी विसरली ही चूक त्यांची होती, आणि चूक आपली असली की माणूस भांडू शकत नाही.

"बाबा, नुसतं धबधब्यापर्यंत," रिपेकाने आता विचारलं. "अर्ध्या तासाची तर वाट आहे. शेवटचं."

बाबा चूल साफ करत होते. त्यांनी वळून पाहिलं नाही. "दोरी सोडायची नाही."

"त्याला पळता तरी येतं का?" टामाटी म्हणाला.

"सोडायची नाही म्हटलं ना."

---

अर्ध्या तासाच्या वाटेला त्यांना सव्वा तास लागला.

पाऊस पडत नव्हता, पण थांबलाही नव्हता. नेच्यांच्या पानांवरून थेंब मानेवर पडत होते, आणि झाडांच्या दाटीत दुपारीच संध्याकाळ झाली होती. ओढ्यावर पोउआने टाकलेल्या फळीवर मॉस थबकला, पाय चाचपून पाहिला आणि मग एकेक पाऊल टाकत पलीकडे गेला. त्याची मागची कंबर धरली होती. दर दहा पावलांनी तो उभा राहायचा आणि मुलं उगाच बुटांचे बंद बांधायची, म्हणजे त्याला वाईट वाटू नये.

"गमबुटांना बंद नसतात, टामाटी," एल्स्पेथ म्हणाली.

"ते मॉसला कुठे माहीत आहे?"

एल्स्पेथला हसू आलं आणि लगेच आपण हसलो याचं वाईट वाटलं. ती मागे राहून चालू लागली.

"तुझी आई कधी येणार?" टामाटीने मागे वळून विचारलं. असे प्रश्न नऊ वर्षांची माणसंच विचारू शकतात.

"माहीत नाही. मार्चपासून डनेडिनलाच आहे. मावशीकडे."

"सुट्टी आहे का तिला?"

"टामाटी, पुढे बघून चाल," रिपेका म्हणाली.

धबधबा काही फार मोठा नव्हता. तीन माणसं एकमेकांच्या खांद्यावर उभी राहिली तर डोकं वर निघेल एवढा. खाली काळा डोह, डोहाच्या काठी शेवाळलेला ओंडका, आणि ओंडक्याच्या मधोमध, जिथे पोउआ बसायचे, तिथलं शेवाळ झिजून गेलेलं.

मॉस तिथे पोचला आणि दोरी ओढून सरळ त्या झिजलेल्या जागेसमोर जाऊन बसला. धबधब्याकडे पाठ आणि आलेल्या वाटेकडे तोंड करून. कान उभे. तो बसला ती जागाही झिजलेली होती. चिखलात त्याच्या पोटाच्या आकाराचा खळगा पडला होता, आणि त्यात त्याचे काळे केस चिकटलेले होते.

रिपेका त्या खळग्याकडे बघत राहिली.

"तो इथे येतो," ती म्हणाली. "रोज पहाटे. मेंढ्या खायला नाही. पोउआची वाट बघायला येतो तो."

टामाटीने नाक बाहीला पुसलं. रिपेकाने चीज रोलचे दोन तुकडे केले आणि अर्धा मॉसपुढे धरला. त्याने वास घेतला, तिच्या हाताला शिष्टाचारापुरती जीभ लावली आणि पुन्हा वाटेकडे बघू लागला.

मग वाऱ्याने दिशा बदलली. मॉसने मान वर केली, धबधब्याच्या माथ्याकडे पाहिलं आणि भुंकला.

चार महिन्यांत पहिल्यांदा. एकदाच, पण सगळी घळ घुमली.

"कसला वास येतोय?" एल्स्पेथने नाक मुरडलं.

डोहात, फेसाच्या कडेला, लोकरीचा मळकट पुंजका गोल गोल फिरत होता.

---

धबधब्याच्या बाजूने वर जायला लाकडी पायऱ्या होत्या. उभ्या, बुळबुळीत, आणि टोकाला कुंपण ओलांडायची फळ्यांची शिडी. मॉसला सोबत न्यायचं म्हणून त्यांनी पुष्कळ प्रयत्न केले. टामाटीने मागून ढकललं, रिपेकाने पुढून उचललं. मॉसने पुढचे पाय दुसऱ्या पायरीवर ठेवले, मागचे पाय थरथरले आणि तो टामाटीच्या मांडीवर येऊन बसला.

"आई ग," टामाटी चिखलातून म्हणाला. "हा म्हणे रात्री काकांच्या कुरणात दौडतो."

रिपेका एकदम थांबली. "परत म्हण."

"काय परत म्हण? माझी पँट बघ आधी."

त्यांनी मॉसची दोरी ओंडक्याला बांधली आणि तिघं वर चढली. टामाटीने पायऱ्या मोजल्या. एकतीस. शिडी वेगळी.

शिडीपलीकडे घळीच्या कडेला सहा-सात मेलेल्या मेंढ्या पडल्या होत्या. काही जुन्या, नुसती लोकर आणि हाडं. दोन ताज्या. आणि त्यातल्या एका ताज्या मेंढीजवळ दोन कुत्रे उभे होते, तोंडं लाल झालेली. मुलांना पाहून त्यांनी शेपट्या हलवल्या.

"फ्लाय," एल्स्पेथ म्हणाली. "रॉब."

ते म्युअर काकांचे कुत्रे होते.

एल्स्पेथ खाली वाकली. एका मेंढीच्या कानात पिवळा बिल्ला होता, त्यावर तिच्या शेताचा नंबर. तिने तो बिल्ला काढला आणि मुठीत धरला.

"आमच्या खड्ड्याचं झाकण मार्चच्या पुरात वाहून गेलं," ती हळूहळू म्हणाली. "पप्पा म्हणाले, नवं करतो. मग आई गेली. मग मी विचारलंच नाही मेंढ्या कुठे टाकता म्हणून. आणि गोळ्या आईच द्यायची."

"चला, बाबांना सांगू या," टामाटी म्हणाला आणि वळलाच. रिपेकाने त्याची कॉलर धरली.

"थांब. काय सांगशील?"

"की इथे मेंढ्या आहेत, आणि यांचे कुत्रे..."

"आणि म्युअर काका म्हणतील, बरोबर, मॉस रात्री इथेच येऊन खातो. मेंढ्या सापडल्या म्हणजे त्याची जागा सापडली. आपण काहीही सांगितलं तरी पोरं कुत्र्यासाठी बोलतायत असंच होईल. त्यांना डोळ्यांनी दिसलं पाहिजे." तिने खाली पाहिलं. पायऱ्यांच्या तळाशी मॉस मान वर करून त्यांचीच वाट बघत होता. "या पायऱ्या मॉसला चढता येत नाहीत हे बाबांनी बघायला हवं. आणि फ्लाय-रॉबला इथे येताना काकांनी बघायला हवं."

"ते दिवसभर साखळीला असतात," एल्स्पेथ म्हणाली. "मी आज बांधायला विसरले. गाडीतून कुठे गेलो तरी पप्पा त्यांना मागे बांधूनच ठेवतात."

"शनिवारी नाही बांधले तर?"

आपलेच दात आणि आपलेच ओठ, ती बिचारी बोलणार काय? तिच्या घरात आता दोनच माणसं उरली होती, आणि त्यातल्या एकाला तिने सगळ्यांसमोर खोटं पाडावं असं रिपेका मागत होती.

"पप्पा वाईट नाहीयेत," शेवटी ती म्हणाली.

"मी कुठे म्हणाले?"

"हल्ली ते जेवतानाही कोट काढत नाहीत. सगळंच उद्या करू म्हणतात." तिने बिल्ला खिशात टाकला. "मी आज काही सांगू शकत नाही, रिपेका. वचन मागू नकोस."

रिपेकाला तिचा राग आला, फार राग आला. पण ती खाली उतरताना एल्स्पेथचा हात धरूनच उतरली, कारण पायऱ्या खरंच निसरड्या होत्या.

---

गुरुवारी एल्स्पेथ आली नाही. शुक्रवारीही नाही.

शुक्रवारी जेवणाच्या टेबलावर रिपेकाने बाबांना विचारलं, "उद्या ते शेडमागे करायलाच हवं का? ओंडक्याजवळ नाही का चालणार? पोउआच्या जागेवर?"

बाबांनी काटा खाली ठेवला. आजीने खिडकीबाहेर पाहिलं.

"एवढं अंतर त्याला चालवायचं?" बाबा म्हणाले.

"तो रोज चालतो, बाबा."

मग बाबा उठले आणि म्युअर काकांना, म्हणजे त्यांच्या अलस्टरला, फोन करायला गेले. पलीकडून काय बोलणं झालं ते ऐकू आलं नाही, पण फोन ठेवल्यावर ते म्हणाले, "अलस्टरला ती जागा नको होती. का कोण जाणे. मी म्हटलं, पोरांची शेवटची इच्छा आहे. मग हो म्हणाला."

टेबलाखालून टामाटीने रिपेकाच्या पायाला पाय लावला. तिने लक्ष दिलं नाही. उद्या कुत्रे साखळीला असले तर बेत फसणार, आणि तिने स्वतःच्या हाताने मॉसला बंदुकीपुढे नेऊन बसवलेलं असणार.

रात्री ती मागच्या दाराशी गेली. मॉस गमबुटांवर हनुवटी ठेवून झोपला होता. ती त्याच्याजवळ फरशीवर बसली आणि त्याचे कान चोळत मनसोक्त रडली. मॉसने तिला रडू दिलं.

---

शनिवारी पांढरं दव पडलं होतं आणि दरी धुक्याने भरली होती. म्युअर काकांची गाडी फाटकाशी उभी राहिली. मागच्या हौद्यात फ्लाय आणि रॉब. एल्स्पेथ पुढच्या सीटवरून उतरली. तिने रिपेकाकडे पाहिलंच नाही.

हौद्याच्या कडेवरून साखळ्या लोंबत होत्या. त्यांची टोकं कुत्र्यांच्या पट्ट्यात होती की नाही, ते धुक्यात दिसेना.

"चला," म्युअर काका म्हणाले. त्यांनी कोणाकडेच नीट पाहिलं नाही. दाढी वाढलेली, कोट बटणाअभावी दोरीने बांधलेला. बंदूक खांद्यावर.

ती वाट रिपेका जन्मात विसरणार नव्हती. पुढे मॉस, त्याच्या चालीने बाबा, मग मुलं, सगळ्यांच्या मागे म्युअर काका. मॉस थबकला की दोन्ही मोठी माणसं थबकायची. एकदा रिपेकाने पुढे पाहिलं तर तिच्या बाबांच्या बुटाचा बंद सुटलेला नसतानाही ते तो बांधत होते.

मॉस ओंडक्याशी पोचला आणि आपल्या खळग्यात बसला. वाटेकडे तोंड, कान उभे.

"हे काय?" बाबांनी विचारलं. त्यांनी खळगा पाहिला, त्यातले केस पाहिले, समोरची पोउआची झिजलेली जागा पाहिली. "हा रोज..."

म्युअर काकांनी बंदूक खांद्यावरून काढली. "रावीरी, मुलांना घेऊन पुढे हो."

"एक मिनिट, काका," रिपेका म्हणाली. "मॉस तुमच्या वरच्या कुरणात जातो, असं तुम्ही म्हणालात. इथून वर जायला या पायऱ्यांशिवाय दुसरी वाट आहे?"

"नाही. दोन्ही बाजूंना कडा आहे."

"तुमच्या फाटकातून?"

"फाटकाला कुलूप असतं. काय विचारायचंय तुला?"

"मग त्याला आत्ता चढून दाखवू दे. तो वर गेला तर मी एक शब्द बोलणार नाही." आणि तिने दोरी सोडली.

टामाटी धावत चौथ्या पायरीवर जाऊन बसला आणि चीज रोल दाखवून हाका मारू लागला. मॉस आज्ञाधारक कुत्रा. तो उठला, पायऱ्यांशी गेला, पुढचे पाय दुसऱ्या पायरीवर ठेवले. मागचे पाय घसरले. त्याने पुन्हा प्रयत्न केला आणि पुन्हा घसरला. तिसऱ्या वेळी तो नुसता टामाटीकडे बघत उभा राहिला, मग वळला आणि ओंडक्याजवळ येऊन बसला.

"दुसरी पायरी," टामाटी म्हणाला. "एकूण एकतीस आहेत. शिडी वेगळी."

बाबांनी म्युअर काकांकडे पाहिलं. म्युअर काका पायऱ्यांकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्याचा रंग बदलला होता, पण ते बोलले एवढंच, "रात्री जमत असेल. दुखणं थंडीत कमीजास्त होतं."

हे म्हणताना त्यांना स्वतःलाही ते खरं वाटत नव्हतं. पण चार महिने डोळ्यांवर कातडं ओढून घेतलेल्या माणसाला ते एकदम काढता येत नाही.

रिपेका एल्स्पेथकडे बघत होती. एल्स्पेथ जमिनीकडे बघत होती. धबधब्याचा आवाज फार मोठा वाटत होता. काकांनी बंदुकीचा खटका मागे ओढला तोही सगळ्यांना ऐकू आला.

"पप्पा," एल्स्पेथ म्हणाली. "फ्लाय आणि रॉब कुठे आहेत?"

"गाडीत. कुठे असणार?"

"शिट्टी वाजवा ना."

"आत्ता? एल्स्पेथ, ही काय वेळ आहे?"

"वाजवा. प्लीज, पप्पा."

प्रत्येक धनगराची शिट्टी वेगळी असते, आणि कुत्रा फक्त आपल्या माणसाची ओळखतो. म्युअर काकांनी गळ्यातली पत्र्याची शिट्टी ओठांत धरली आणि वाजवली. एक लांब, दोन आखूड.

गाडी होती खाली, वाटेच्या टोकाला. उत्तर आलं ते वरून.

धबधब्याच्या माथ्यावर धुक्यातून आधी फ्लाय दिसली, मग रॉब. शिडीवरून उडी मारून दोघं एकतीस पायऱ्या सपासप उतरले आणि मालकाच्या पायाशी येऊन बसले. रॉबच्या तोंडात मेंढीच्या पायाचं हाड होतं. ते त्याने इमानाने काकांच्या बुटावर ठेवलं.

एल्स्पेथने खिशातून पिवळा बिल्ला काढला आणि वडिलांच्या हातात दिला. "वर सापडला. सात आहेत, पप्पा. आणि गोळ्यांचं पाकीट मार्चपासून फोडलेलंच नाहीये. साखळ्या मी सोडल्या आज. ते आपल्या फाटकावरून उडी मारून वर गेले."

मग मात्र तिला रडू आवरेना.

म्युअर काका कितीतरी वेळ बिल्ल्याकडे बघत राहिले. मग त्यांनी बंदुकीतली गोळी काढली, ती बाबांच्या हातावर ठेवली आणि पोउआच्या ओंडक्यावर मटकन बसले.

"चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला आलो होतो मी," ते म्हणाले. "तुझ्या वडिलांचा कुत्रा, रावीरी. ज्यांनी मला कुत्रे शिकवायला शिकवलं, त्यांचा. मला वाटलं होतं, वर कोण बघतंय, वसंतात पुरून टाकू. माझे कुत्रे तिथे जात असतील असं मनात आलं होतं एकदा. मी ते मनातून घालवलं."

"जंताची गोळी मीही विसरलो होतो," बाबा म्हणाले. "नाहीतर तुला सरळ नाही म्हणालो असतो." ते त्यांच्या शेजारी बसले. "झाकणाचं मला का सांगितलं नाहीस? दोघांना अर्ध्या दिवसाचं काम."

म्युअर काकांनी हात लांब करून एल्स्पेथला जवळ ओढलं. "तू बोललीस ते बरं केलंस, बाळा," ते तिच्या टोपीत म्हणाले. "तुझ्याजागी मी असतो तर गप्प बसलो असतो. मला माहीत आहे, कारण मी तेच करत होतो."

---

दुपारपर्यंत बाबांचं खोदकाम यंत्र म्युअरांच्या कुलूप काढलेल्या फाटकातून वर गेलं. संध्याकाळी मेंढ्या पुरल्या गेल्या, खड्ड्यावर नवं झाकण बसलं, आणि तिन्ही कुत्र्यांच्या घशात जंताची गोळी गेली. मॉसची गोळी टामाटीने दिली, आणि पुढच्या वर्षभराच्या तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल खडूने लिहून टाकल्या.

त्या दिवशी म्युअर काका चहाला थांबले. कोट काढून.

आजीने तिन्ही मुलांना एका रांगेत उभं केलं आणि आळीपाळीने त्यांच्याकडे पाहिलं. टामाटीने छाती पुढे काढली.

"तुमचे पोउआ असते, तर तोंडाने काही बोलले नसते," आजी म्हणाली. "पण तुम्हा तिघांना रोलचा तो उरलेला अर्धा दिला असता."

"तो कोणाचा असायचा, आजी?" रिपेकाने विचारलं.

"माझा. दर रविवारी घरी आणायचे, खिशात चुरा झालेला." आजी वळली आणि किटली उगाच पुसू लागली.

रविवारी पाऊसच होता. बाबांनी कोणालाही न विचारता दोन चीज रोल भाजले, कडा करपवल्या, खिशात टाकले आणि मागच्या दाराशी गेले. तिथे ते थोडा वेळ उभे राहिले. मग आपले बूट काढून त्यांनी पोउआचे गमबूट पायात चढवले. मॉस मान वर करून बघत होता. आजीही दारातून बघत होती, पण तिने अडवलं नाही.

रिपेका बरंच अंतर ठेवून त्यांच्या मागे गेली.

डोहाशी बाबा ओंडक्यावर बसले, झिजलेल्या जागी. मॉस खळग्यात बसला आणि नेहमीप्रमाणे वाटेकडे बघू लागला. बाबांनी रोल मोडला आणि अर्धा पुढे धरला. मॉसने वास घेतला नाही. तो वाटेकडेच बघत होता. बाबांनी हात मागे घेतला नाही. पावसात तो चीज रोल भिजत राहिला, आणि मार्चमध्ये सगळ्यांसमोर एकदाही न रडलेले रिपेकाचे बाबा मान खाली घालून रडू लागले.

बऱ्याच वेळाने मॉस वळला. त्याने त्या गमबुटांचा वास घेतला, मग बाबांच्या गुडघ्याचा, मग हाताचा. पुन्हा एकदा वाटेकडे पाहिलं. तिथे फक्त रिपेका उभी होती.

मग तो वाटेकडे पाठ करून बसला आणि आपला अर्धा रोल खाऊ लागला.